मुळे न काढता मुळांविषयी: वर्गसमीकरणाची मुळे आणि सहगुणक यांचा संबंध

पाटीपेन्सिल (मूळ लेखन)

मी दहावीच्या मुलांना गणित शिकवते. सरावासाठी मी वर्गात एक उदाहरण दिले होते: ३क्ष² − १०क्ष + ५ = ० या समीकरणाची मुळे म आणि न असतील, तर म² + न² ची किंमत काढा. बहुतेक मुलांनी लगेच मुळे काढायच्या सूत्राला हात घातला, (५ + √१०)/३ आणि (५ − √१०)/३ अशी मुळे काढली, त्यांचे वर्ग केले, आणि मग करणींच्या बेरजेत बरीच मुले अडकली. जी अडकली नाहीत त्यांचेही पान भरले. वास्तविक मुळांची बेरीज १०/३ आणि गुणाकार ५/३ हे समीकरणाकडे पाहताक्षणी कळते, आणि म² + न² = (म + न)² − २मन असल्यामुळे उत्तर १००/९ − ३०/९, म्हणजे ७०/९, एका ओळीत मिळते.

काळजीची बाब अशी की बेरीज आणि गुणाकाराची ही दोन्ही सूत्रे सगळ्यांना तोंडपाठ होती. 'मुळांची बेरीज किती' असे विचारले की उत्तर बिनचूक येत होते, पण प्रश्न जरा फिरवला की हा संबंध हाताशी आहे याचा त्यांना विसर पडत होता. मला वाटते, याचे कारण आपल्या मांडणीच्या क्रमात आहे. आपण आधी मुळे काढायचे सूत्र शिकवतो, मग सूत्राने आलेल्या दोन मुळांची बेरीज करून करणी कटवून दाखवतो, आणि शेवटी 'म्हणून बेरीज −ब/अ' असे लिहितो. मुलांचा साहजिकच समज होतो की हा संबंध म्हणजे सूत्राचे शेपूट आहे आणि सूत्राशिवाय त्याला अस्तित्व नाही.

माझे म्हणणे याच्या उलट आहे. हा संबंध सूत्राच्या आधीचा आहे, आणि मुळे ठाऊक नसतानाही त्यांच्याविषयी नेमके बोलता येते हे त्याचे खरे सामर्थ्य आहे. ते मुलांना पटेल अशी सूत्राविना सिद्धता आणि चांगली उदाहरणे जाणकारांनी येथे द्यावीत, अशी विनंती आहे. धाग्यापुरते चिन्हांकन असे ठेवू: समीकरण अ·क्ष² + ब·क्ष + क = ०, अ शून्य नाही, आणि मुळे म व न.

सह्यकडा

पाटीपेन्सिलताई, सूत्राविना सिद्धता अगदी आटोपशीर आहे आणि नववीच्या बीजगणितावर भागते.

समजा म हे एक मूळ आहे, म्हणजे अ·म² + ब·म + क = ०. बहुपदीतून हे शून्य वजा केले तरी बहुपदी बदलत नाही. वजा केल्यावर स्थिरपद जाते आणि उरते अ(क्ष² − म²) + ब(क्ष − म). दोन्ही पदांत क्ष − म हा अवयव आहे. तो बाहेर काढला की (क्ष − म)(अ·क्ष + अ·म + ब) असा गुणाकार मिळतो. आता दुसरे मूळ शोधावेच लागत नाही, ते दुसऱ्या कंसातच लिहिलेले आहे: न = −ब/अ − म. म हे पद डावीकडे नेले की म + न = −ब/अ. त्याच न ला म ने गुणले तर मन = −(अ·म² + ब·म)/अ, आणि अ·म² + ब·म ची किंमत −क असल्यामुळे मन = क/अ.

नेहमीची पद्धत अशी असते की अ(क्ष − म)(क्ष − न) चा विस्तार करायचा आणि सहगुणकांची तुलना करायची. तीही उत्तम आहे, आणि बेरजेपुढे ऋण चिन्ह का येते हे तिच्यातून स्वच्छ दिसते, कारण मधल्या पदात −म आणि −न यांची बेरीज असते, तर शेवटच्या पदात दोन ऋणांचा गुणाकार असतो. तरी वरची मांडणी मला अधिक आवडते, कारण तिच्यात एक मूळ हाती आले की दुसरे आपोआप येते, ही गोष्ट सिद्धतेच्या पोटातच आहे.

त्यावरचे उदाहरण: १७क्ष² − ४०क्ष + २३ = ०. सहगुणकांची बेरीज शून्य आहे, म्हणजे क्ष = १ हे मूळ आहे. गुणाकार २३/१७, तेव्हा दुसरे मूळ २३/१७ हेच असले पाहिजे. बेरीज करून पडताळा घ्या: १ + २३/१७ = ४०/१७. याच उदाहरणात सूत्र वापरणाऱ्याला १६०० वजा १५६४ करून ३६ चे वर्गमूळ काढावे लागते. तसे करण्यात चूक काही नाही, पण वाट लांबची आहे.

फळाखडू

शाळेत तीस वर्षांहून अधिक काळ गणित शिकवून निवृत्त झालो. या चर्चेत एक मुद्दा आवर्जून मांडावासा वाटतो, कारण मुले जी रीत सर्वांत जास्त वापरतात तीच मुळात हा संबंध आहे, आणि हे त्यांना कोणी सांगत नाही.

ती रीत म्हणजे मधल्या पदाची फोड. ६क्ष² − ७क्ष − ३ = ० सोडवताना आपण मुलांना सांगतो की पहिल्या आणि शेवटच्या सहगुणकांचा गुणाकार करा, तो −१८ आला. आता ज्यांचा गुणाकार −१८ आणि बेरीज −७ आहे अशा दोन संख्या शोधा. त्या −९ आणि २. मग ६क्ष² − ९क्ष + २क्ष − ३, म्हणजे ३क्ष(२क्ष − ३) + १(२क्ष − ३), म्हणजे (२क्ष − ३)(३क्ष + १). मुळे ३/२ आणि −१/३. हे सगळे वर्षानुवर्षे चालत आले आहे, पण एखादी चौकस मुलगी विचारते की गुणाकार अ आणि क यांचाच का करायचा, तेव्हा पुष्कळदा 'रीतच तशी आहे' एवढेच उत्तर मिळते.

उत्तर संबंधात आहे. ज्या दोन संख्या आपण शोधतो त्या म्हणजे −अ·म आणि −अ·न. त्यांची बेरीज −अ(म + न), म्हणजे ब. त्यांचा गुणाकार अ²·मन, म्हणजे अ·क. वरच्या उदाहरणात अ = ६ आणि मुळे ३/२ व −१/३ आहेत; त्यांना −६ ने गुणले तर −९ आणि २ याच संख्या येतात. याचा अर्थ असा की मधल्या पदाची फोड करणारा मुलगा मुळांची बेरीज आणि गुणाकार यांवरूनच मुळे ओळखत असतो, फक्त मुळांना अ ने गुणून अपूर्णांक टाळलेले असतात. दोन्ही बाजूंना अ ने गुणून अ·क्ष च्या जागी य लिहिले की समीकरण य² + ब·य + अ·क = ० असे होते, आणि फोडीचे सगळे गूढ या एका ओळीत उलगडते.

श्रीधराचार्यांचा जो नियम भास्कराचार्यांनी आपल्या 'बीजगणित' ग्रंथात उद्धृत केला आहे, त्याचीही सुरुवात याच जातीची आहे. त्यात दोन्ही पक्षांना वर्गपदाच्या सहगुणकाच्या चौपटीने गुणायचे आणि अव्यक्ताच्या सहगुणकाचा वर्ग मिळवायचा असे सांगितले आहे. असे केल्याने पूर्ण वर्ग तयार होतो आणि मध्ये कुठेही अपूर्णांक येत नाही. श्रीधराचार्यांचा बीजगणितावरचा स्वतःचा ग्रंथ आज उपलब्ध नाही, तो नियम आपल्याला अशा उद्धृतांतूनच ठाऊक आहे.

म्हणून माझी सूचना अशी की मुलांनी फोड करून उदाहरण सोडवले की त्याच उदाहरणाखाली एक ओळ लिहायला लावावी: शोधलेल्या संख्या कोणत्या, मुळे कोणती, आणि त्यांचे एकमेकांशी नाते काय. पाचसहा उदाहरणांत हे नाते त्यांच्या नजरेत बसते, आणि मग औपचारिक सिद्धता समोर आली की ती परकी वाटत नाही.

जुनी पोथी

भास्कराचार्यांचा विषय निघालाच आहे, तर त्यांच्या 'बीजगणित' ग्रंथातली वानरांची दोन उदाहरणे या धाग्याला नेमकी लागू पडतात. ग्रंथ इ.स. ११५० चा.

पहिल्यात वानरांच्या कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग रानात खेळतो आहे आणि उरलेले १२ वानर टेकडीवर आहेत. कळप क्ष मानला तर (क्ष/८)² + १२ = क्ष, म्हणजे क्ष² − ६४क्ष + ७६८ = ०. उत्तरे ४८ आणि १६, आणि दोन्ही ग्राह्य: ४८ पैकी ३६ रानात, किंवा १६ पैकी ४ रानात. दुसऱ्यात कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा करून आलेल्या संख्येचा वर्ग गुहेत गेला आहे आणि एकच वानर फांदीवर दिसतो आहे. समीकरण येते क्ष² − ५५क्ष + २५० = ०, आणि मुळे ५० व ५. पण कळप ५ चा मानला तर पाचवा भाग १, त्यातून ३ वजा केले की −२ राहतात. वर्ग केल्यावर हिशेब जुळतो खरा, परंतु 'उणे दोन वानर' याला अर्थ नाही, म्हणून भास्कराचार्य ५ हे उत्तर स्वीकारत नाहीत. व्यक्त राशी ऋण झाली तर लोकांना ती पटत नाही, असे कारण ते देतात.

आता ही दोन्ही समीकरणे सहगुणकांवरून वाचून पाहावीत. पहिल्यात बेरीज ६४ व गुणाकार ७६८, दुसऱ्यात बेरीज ५५ व गुणाकार २५०. मुळे वास्तव आहेत आणि बेरीज व गुणाकार दोन्ही धन आहेत, म्हणजे दोन्ही मुळे धनच असणार, हे सोडवण्याआधीच ठरते. तेव्हा दुसऱ्या उदाहरणातले ५ हे मूळ चिन्हाच्या निकषावर बाद होणार नाही, त्यासाठी मूळ शब्दांकडे परत जावे लागेल, हेही आधीच कळते. वर्गात शाब्दिक उदाहरणे सोडवताना 'ऋण उत्तर आले तर सोडून द्या' एवढाच नियम मुलांना सांगितला जातो. वानरांचे दुसरे उदाहरण त्या नियमाची मर्यादा फार सुंदर दाखवते.

या संबंधाला पाश्चात्त्य परंपरेत फ्रान्स्वा व्हिएत यांचे नाव आहे. जन्म १५४०, मृत्यू १६०३, पेशाने वकील, फ्रान्सच्या राजदरबारात सल्लागार, आणि स्पेनची सांकेतिक पत्रे उलगडण्याबद्दल ख्यातकीर्त. ज्ञात संख्यांसाठी व्यंजने आणि अज्ञातासाठी स्वर वापरायची पद्धत त्यांनी १५९१ मध्ये मांडली, आणि तिच्यामुळेच 'सहगुणक' या कल्पनेविषयी सर्वसाधारण विधान करणे शक्य झाले. मुळांविषयीचे त्यांचे विधान त्यांच्या मृत्यूनंतर १६१५ मध्ये छापून आले. आपल्या चिन्हांत ते असे: (म + न)क्ष − क्ष² = मन असेल, तर क्ष ची किंमत म किंवा न आहे. भास्कराचार्यांचे पहिले उदाहरण ६४क्ष − क्ष² = ७६८ असे लिहिले की या साच्यात तंतोतंत बसते. व्हिएत मात्र फक्त धन मुळे मानत. ऋण आणि काल्पनिक मुळेही धरून कोणत्याही घाताच्या समीकरणासाठी हे संबंध आल्बेर जिरार यांनी १६२९ मध्ये सांगितले.

थोडे विषयांतर करून एक नोंद करतो. चाळीसगावजवळ पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याचा शिलालेख आहे. आपल्या आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणला. दहावीच्या मुलांची सहल पाटणादेवीला गेली, तर वानरांचे उदाहरण त्या शिलालेखाशेजारी सोडवावे असे मनापासून वाटते.

पायरीपायरीने

माझी मुलगी यंदा दहावीत आहे आणि मी तिच्याबरोबर पुन्हा शिकतो आहे. प्रश्न साधा आहे. म + न मिळते, मन मिळतो, म² + न² मिळते, १/म + १/न सुद्धा मिळते. मग म − न का मिळत नाही? आणि ते मिळत नसेल, तर मुळे न काढता मुळांविषयी बोलता येते या म्हणण्याची मर्यादा नेमकी कोठे येते?

अव्यक्त

पायरीपायरीने यांनी विचारलेला प्रश्न या विषयाच्या गाभ्याशी नेणारा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

सहगुणकांना मुळांची नावे ठाऊक नसतात. कोणत्या मुळाला म म्हणायचे आणि कोणत्याला न, हे आपण ठरवतो, आणि त्यांची अदलाबदल केली तरी समीकरण तेच राहते. त्यामुळे सहगुणकांवरून बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार करून जी राशी मिळेल, ती म आणि न यांची अदलाबदल केल्यावर बदलता कामा नये. म² + न², १/म + १/न, म³ + न³ या राशी ही कसोटी पार करतात. अशा राशींना सममित राशी म्हणतात, आणि म, न यांची प्रत्येक सममित बहुपदी त्यांची बेरीज आणि गुणाकार यांतच लिहिता येते. म − न मात्र अदलाबदल केल्यावर न − म होते, चिन्ह पालटते. म्हणून ती राशी अशा रीतीने मिळणे शक्यच नाही.

परंतु तिचा वर्ग मिळतो, कारण वर्गात चिन्ह नाहीसे होते. (म − न)² = (म + न)² − ४मन, म्हणजे (ब² − ४अक)/अ². अंशात आपला विवेचक येऊन उभा राहतो. विवेचक शून्य असेल तर मुळे समान का, याचे कारण येथे उघड दिसते: त्यांच्यातले अंतरच शून्य आहे. विवेचक ऋण असेल तर अंतराचा वर्ग ऋण आहे, म्हणजे मुळे वास्तव असूच शकत नाहीत.

आता पुढची पायरी. अंतराच्या वर्गाचे वर्गमूळ घ्यायचे, ते दोन चिन्हांनी येते, आणि कोणते चिन्ह घ्यावे हे ठरवायला काही आधार नाही, म्हणून दोन्ही ठेवायची. बेरीज ठाऊक, अंतर ठाऊक, तेव्हा दोघांची बेरीज करून निम्मे केले की एक मूळ आणि वजाबाकी करून निम्मे केले की दुसरे. लिहून पाहिले तर हे आपले नेहमीचे सूत्रच आहे. म्हणजे सूत्र हे संबंधातून निघते, आणि सूत्रातले 'अधिक किंवा वजा' हे चिन्ह म्हणजे म आणि न यांत भेद करता येत नाही याचीच खूण आहे. मूळ लेखात जे म्हटले आहे की संबंध सूत्राच्या आधीचा आहे, ते या अर्थाने पूर्णपणे खरे आहे.

हीच गोष्ट आकड्यांत पाहायची असेल तर वानरांचेच समीकरण घ्यावे. बेरीज ६४, म्हणजे सरासरी ३२. मुळे ३२ च्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर आहेत, ते अंतर ड मानू. गुणाकार (३२ + ड)(३२ − ड) = १०२४ − ड², आणि तो ७६८ आहे. ड² = २५६, ड = १६, मुळे ४८ आणि १६. कार्नेगी मेलन विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक पो-शेन लो यांनी २०१९ च्या अखेरीस ही रीत शाळांसाठी नव्याने मांडली आणि तिचा बराच बोलबाला झाला. बेरीज आणि गुणाकारावरून निम्मी बेरीज व निम्मे अंतर काढण्याची युक्ती मात्र बॅबिलोनच्या मातीच्या पाट्यांइतकी जुनी आहे. त्या पाट्यांवर आयताची लांबी-रुंदी याच मार्गाने काढलेली आढळते.

ज्यांना पुढे जायचे आहे त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की मुळांची अदलाबदल केल्यावर कोणत्या राशी बदलतात आणि कोणत्या बदलत नाहीत, हा विचार लाग्रांज यांनी १७७० च्या सुमारास घन आणि चतुर्घात समीकरणांसाठी पद्धतशीरपणे केला, आणि त्याच वाटेवर पुढे आबेल आणि गाल्वा यांचे काम उभे राहिले.

सह्यकडा

सममित राशींचा उल्लेख आला म्हणून वर्गात हमखास रंगणारे एक उदाहरण देतो. (३ + २√२)⁴ ची किंमत पूर्णांकाच्या किती जवळ आहे?

३ + २√२ आणि ३ − २√२ यांची बेरीज ६ आणि गुणाकार १, म्हणून ही दोन्ही क्ष² − ६क्ष + १ = ० ची मुळे आहेत. दोन्ही मुळे क्ष² = ६क्ष − १ हे समीकरण पाळतात. दोन्ही बाजूंना क्ष च्या कोणत्याही घाताने गुणले आणि दोन्ही मुळांसाठी मिळालेली समीकरणे मिळवली, तर घातांच्या बेरजांचा नियम मिळतो: पुढची बेरीज म्हणजे आताच्या बेरजेची सहापट वजा आधीची बेरीज. शून्य घाताची बेरीज २, पहिल्या घाताची ६. तेथून ३६ − २ = ३४, मग २०४ − ६ = १९८, मग ११८८ − ३४ = ११५४. म्हणजे चौथ्या घातांची बेरीज नेमकी ११५४. त्यातले ३ − २√२ हे मूळ सुमारे ०.१७ आहे, त्याचा चौथा घात एक सहस्रांशाहूनही लहान आहे. म्हणून (३ + २√२)⁴ ही संख्या ११५४ च्या किंचित अलीकडे, ११५३.९९९१ च्या आसपास आहे. या सबंध गणितात २ चे वर्गमूळ आपण एकदाही सविस्तर काढले नाही, त्या लहान मुळाचा अंदाज तेवढा घेतला.

पाटीपेन्सिल

सर्वांचे मनःपूर्वक आभार. फळाखडू सरांची फोडीखाली नाते लिहिण्याची सूचना मी लगेच अमलात आणणार आहे.

एक निरीक्षण नोंदवते. एन.सी.ई.आर.टी.च्या दहावीच्या पुस्तकात बहुपदींचे प्रकरण वर्गसमीकरणांच्या आधी येते, आणि मुळे व सहगुणक यांचा संबंध तेथेच, सूत्राची ओळख होण्यापूर्वी मांडलेला आहे. आपल्या राज्य मंडळाच्या पुस्तकात तो वर्गसमीकरणांच्या प्रकरणात, सूत्र आणि विवेचक यांच्या नंतर येतो. पाठ्यपुस्तकाचा क्रम बदलणे आपल्या हाती नाही, पण फळ्यावरचा क्रम शिक्षकाच्या हाती आहे. फोड शिकवली त्याच तासाला संबंध मांडावा, आणि अव्यक्त यांनी दाखवले तसे सूत्र त्यातून काढावे, असे मी ठरवले आहे.

याबाबत काही सावधगिरीच्या सूचना असतील तर त्याही हव्यात.

फळाखडू

सावधगिरी एकच, पण महत्त्वाची. हे संबंध मुळे वास्तव आहेत की नाहीत याची पर्वा करत नाहीत. क्ष² − २क्ष + ५ = ० मध्ये बेरीज २ आणि गुणाकार ५, दोन्ही धन. येथे 'दोन्ही मुळे धन' असे लिहिणारा विद्यार्थी चुकतो, कारण विवेचक ४ − २० = −१६ आहे. जुनी पोथी यांनी वानरांच्या समीकरणांबाबत 'मुळे वास्तव आहेत आणि' हे शब्द आधी लिहिले आहेत, ते फार योग्य केले आहे.

ही चूक कमाल-किमान किमतींच्या उदाहरणांत लपून बसते. क्ष² − २टक्ष + (ट² − ट + २) = ० ची मुळे वास्तव असतील, तर म² + न² ची किमान किंमत किती? संबंध वापरून म² + न² = ४ट² − २(ट² − ट + २) = २ट² + २ट − ४. पूर्ण वर्ग केला की २(ट + १/२)² − ९/२. घाईने लिहिणारा −९/२ हे उत्तर देऊन मोकळा होतो. पण दोन वास्तव संख्यांच्या वर्गांची बेरीज ऋण कशी असेल? विवेचकाचा चौथा भाग ट² − (ट² − ट + २) = ट − २ आहे, म्हणजे ट किमान २ असला पाहिजे. तेथपासून पुढे ती राशी वाढतच जाते, म्हणून किमान किंमत ट = २ ला मिळते: ८ + ४ − ४ = ८. त्या वेळी समीकरण क्ष² − ४क्ष + ४ = ० असते आणि दोन्ही मुळे २ असतात. पडताळा लगेच घेता येतो, ४ + ४ = ८.

मुलांनी आधी −९/२ लिहावे, मग आपण काहीच न बोलता त्यांना ते उत्तर पुन्हा वाचायला लावावे. विवेचकाची अट का तपासायची हे त्यानंतर वेगळे सांगावे लागत नाही.

दशांशचिन्ह

मी संगणकावर आकडेमोड करणारे प्रोग्रॅम लिहितो. शाळेतला हा संबंध आमच्या कामात रोज उपयोगी पडतो, म्हणून लिहितो.

क्ष² − ७०क्ष + २ = ० घ्या. विवेचक ४८९२, त्याचे वर्गमूळ दोन दशांश स्थळांपर्यंत ६९.९४. सूत्राने मोठे मूळ (७० + ६९.९४)/२ = ६९.९७, आणि लहान मूळ (७० − ६९.९४)/२ = ०.०३. मोठे मूळ उत्तम आले आहे. लहान मुळाची खरी किंमत मात्र ०.०२८५८ आहे, म्हणजे आपले उत्तर सुमारे पाच टक्क्यांनी चुकले. जवळजवळ सारख्या दोन संख्यांची वजाबाकी केली की पुढचे विश्वासार्ह अंक कटून जातात आणि गोलाकार केलेल्या शेपटीची चूकच उत्तर म्हणून उरते.

उपाय गुणाकारात आहे. मुळांचा गुणाकार २ आहे, तेव्हा लहान मूळ २/६९.९७ = ०.०२८५८. वर्गमूळ तेवढ्याच अंकांपर्यंत घेतलेले, तरी उत्तर बरोबर. संगणक दोन ऐवजी पंधरा-सोळा अंक धरतो, पण ब हा अ आणि क यांच्या मानाने फार मोठा असला की तोही याच रीतीने चुकतो. म्हणून नीट लिहिलेला प्रोग्रॅम सूत्राने एकच मूळ काढतो, ज्यात वजाबाकी होत नाही ते, आणि दुसऱ्यासाठी क/अ ला त्या मुळाने भागतो.

पायरीपायरीने

अव्यक्त यांचे उत्तर मुलीबरोबर बसून वाचले, तिला ते पटले. तिने स्वतः एक प्रश्न तयार केला आहे: क्ष² + प·क्ष + फ = ० या समीकरणाची मुळे प आणि फ हीच असतील तर प आणि फ किती? तिने संबंध वापरून प + फ = −प आणि प·फ = फ अशी समीकरणे लिहिली. फ शून्य असेल तर प ही शून्य, नाहीतर प = १ आणि फ = −२. मी मात्र प आणि फ समीकरणात एकेक करून ठेवून सोडवले, तर प = फ = −१/२ असे एक जास्तीचे उत्तर आले. कोणाचे बरोबर?

अव्यक्त

दोघांचेही, कारण दोघांनी दोन वेगळे प्रश्न सोडवले आहेत. प = फ = −१/२ घेतले तर समीकरण क्ष² − क्ष/२ − १/२ = ० होते, म्हणजे (क्ष − १)(क्ष + १/२) = ०. −१/२ हे त्याचे मूळ आहेच, म्हणून प ठेवून पाहिले तरी शून्य येते आणि फ ठेवून पाहिले तरी शून्य येते. पण समीकरणाची मुळे १ आणि −१/२ आहेत, −१/२ आणि −१/२ नाहीत. एकेक किंमत ठेवून पाहण्याने 'प हे मूळ आहे आणि फ हेही मूळ आहे' एवढेच तपासले जाते, ते दोघे मिळून सगळी मुळे होतात की नाही हे तपासले जात नाही. बेरीज आणि गुणाकार ही दोन्ही मुळांची एकत्र अट आहे, तिच्यात १ हे मूळ सुटून जाऊ शकत नाही. प्रश्नात 'मुळे प आणि फ हीच' असे म्हटले आहे, तेव्हा त्या शब्दांना धरून मुलीचे उत्तर घ्यावे: (०, ०) आणि (१, −२). दुसऱ्या जोडीचा पडताळा क्ष² + क्ष − २ = (क्ष − १)(क्ष + २).